दुसरी वेलांटी

चौतीस वर्षं मी लोकांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या. पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागले तेव्हा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले जात होते, बाहेर पडले तेव्हा प्रुफं ईमेलवर यायची. काम मात्र तेच. लाल पेन, समासातल्या खुणा आणि ‘आणि’मधला णि पहिला आहे ना, हे दिवसातून शंभरदा पाहणं. सवय इतकी मुरली की वाण्याच्या पाटीवरचं ‘शुध्द तुप’ डोळ्यांत सलायचं आणि लग्नपत्रिका हातात आली की आधी चुका दिसायच्या, मग नवरा-नवरीची नावं. अशा बाईनं कुठला छंद लावून घ्यावा? मी अशुद्ध लेखन जमवते. तांब्यावरचं.

म्हणजे शिवराया, शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे पैसे, जमवते. पण जमवते त्या अक्षरांसाठी.

सुरुवात आजीच्या कलशापासून. साताऱ्याकडच्या तिच्या घरी पूजेच्या तांब्यात सुपारीबरोबर एक काळपट, जाड, वेडावाकडा पैसा पडायचा. घटस्थापना असो की सत्यनारायण, पैसा तोच. तो कुठेच चालत नव्हता, तरी घरातला सगळ्यात मानाचा पैसा तो. आम्ही पोरं हात लावायला गेलो की आजी म्हणायची, “शिवराई आहे ती, पाडशील.” जणू काचेची होती. आजी गेल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली. राणीछाप रुपये निघाले, त्यांची वाटणी मोठ्यांनी केली. त्या रुपयाचं वजन बरोबर एक तोळा असतं, त्यामुळे सोनाराकडे जायचीही गरज पडली नाही, नुसतं मोजलं की वजन झालं. १९४३ सालापासूनचे भोकाचे पैसे धाकट्या भावंडांनी दोऱ्यात ओवून नेले. चांदी गेली, गंमत गेली, तांबं उरलं. ते कुणालाच नको होतं म्हणून माझ्याकडे आलं आणि पुढची वीसेक वर्षं माझ्या बांगड्यांच्या डब्यात पडून राहिलं. मी त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नव्हतं. पोटापाण्यासाठी वाचणारी माणसं फुकटचं फारसं वाचत नाहीत.

मग एक लेख आला. लेखक इतिहासातले जुने जाणते, शब्दाला शब्द तोलून लिहिणारे. त्यांनी सगळीकडे ‘छत्रपति’ लिहिलं होतं, पति ऱ्हस्व. मी नियमाप्रमाणे सगळे दीर्घ केले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. “बाई, खुद्द महाराजांच्या नाण्यावर ऱ्हस्व आहे. तुम्ही महाराजांचं शुद्धलेखन तपासणार?” मी ‘नियम आहे सर’ एवढंच पुटपुटले आणि फोन ठेवला. अपमान झाला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं बरोबर असेल अशी भीतीही होती. घरी येऊन बांगड्यांचा डबा उपसला. आजीचा पैसा दिव्याखाली धरला, काजळीच्या रेघेसारखी अक्षरं तिरकी करून पाहिली. एका बाजूला श्री, त्याखाली राजा, त्याखाली शिव. दुसऱ्या बाजूला वर ‘छत्र’, खाली ‘पती’.

दीर्घ! स्वच्छ दुसरी वेलांटी.

दुसऱ्या दिवशी मी ती शिवराई रुमालात बांधून त्यांच्या घरी गेले. त्यांनी भिंग लावून पाहिलं, हसले, आतून स्वतःची एक आणून माझ्या पुढ्यात ठेवली. तिच्यावर ‘पति’. चहा झाला. दोन्ही नाणी टेबलावर शेजारी शेजारी, दोघंही आपापल्या जागी बरोबर. त्या चहानं मला या नादाला लावलं.

६ जून १६७४ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि नवं राज्य म्हणून नवी नाणी पाडली गेली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन आज मोजके उरलेत, आपल्यासारख्यांनी ते संग्रहालयाच्या काचेतूनच पाहावेत. शिवराई मात्र गावोगाव सापडते, कारण ती गावोगाव फिरत होती. त्या वेळी आजूबाजूच्या बहुतेक मोठ्या सत्तांची नाणी फारसी लिपीत असताना हे दोन्ही पैसे देवनागरीत. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश महाराजांनी करवून घेतला, त्याच विचारातलं हे. कोश मात्र पंडितांनी केला. शिवराईचा ठसा कोरणारा माणूस पंडित नव्हता. सोनार असेल, कासार असेल, ठसे कोरण्यात हात बसलेला कुणी कारागीर असेल. त्याला अक्षरं उलटी कोरावी लागत, कारण ठसा उलटा तर नाणं सुलटं. आमच्या खिळे जुळवणाऱ्यांचंही तेच होतं. आरशातली मराठी वाचायला शिकलेली माणसं.

आणि या माणसाच्या डोळ्यासमोर रोजची जी मराठी होती, ती मोडी. कारभार, हिशेब, पत्रं, सगळं मोडीत. मोडीला ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. इकार लिहायचा तो दीर्घच, उकार लिहायचा तो ऱ्हस्वच, बाकीचं वाचणारा समजून घेईल. मोडीत ‘शिव’ लिहा, दिसायला ‘शीव’च होणार. बोटांना हे वळण लागलेला माणूस बालबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरं कोरायला बसला की वेलांटी त्याच्या हातून हवी तिकडे वळणार. म्हणून माझ्या डब्यात ‘शिव’ आहे, ‘सिव’ आहे, ‘सीव’ आहे, ‘पति’ आहे, ‘पती’ आहे आणि यांतल्या जवळजवळ सगळ्या जोड्या आहेत. एकीवर तर श्री असा काही कोरलाय की तो श्री आहे हे आधी ठाऊक असेल तरच वाचता येतो.

आता यात चूक कुणाची? माझा धंदा आड येतो म्हणून सांगते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले, आणखी चार १९७२ साली. त्यांत ठरलं की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले इकारान्त शब्द मराठीत दीर्घ लिहायचे. कवि नाही, कवी. पति नाही, पती. म्हणजे ‘छत्रपती’ कोरणारा कारागीर २८८ वर्षं चुकीचा होता आणि मग एके दिवशी बरोबर झाला. ‘छत्रपति’ कोरणारा शहाणा २८८ वर्षं बरोबर होता, तो त्याच दिवशी चुकला. ‘सीव’चंही तसंच. शब्द संस्कृत धरला तर ‘शिव’ ऱ्हस्वच. पण वीट, तीळ, खीर यांच्यासारखा घरचा मराठी शब्द धरला, तर शेवटच्या अक्षराआधीचा इकार दीर्घ, आणि तोंडात बसलेला स. त्या माणसानं देवाचं आणि राजाचं नाव संस्कृत म्हणून लिहिलंच नाही, घरचं म्हणून लिहिलं. आता हे माझं म्हणणं, त्याला विचारायला मी गेले नव्हते. लाल पेन हातात असतं तर मी त्याला नक्कीच गोल केला असता.

शिवाय हे सगळं पुरतं दिसेल तर ना! तांब्याचा तुकडा कापायचा, तापवायचा, खालच्या ठशावर ठेवायचा, वर दुसरा ठसा धरून घण मारायचा. ठसा मोठा, तुकडा लहान, घाव घाईचा. त्यामुळे एका शिवराईवर ‘जा’ येतो आणि ‘रा’ बाहेर राहतो, दुसरीवर ‘छ’च्या जागी नुसती कड. पूर्ण मजकूर असलेली शिवराई मिळणं म्हणजे बिनचूक प्रूफ मिळण्यासारखं, आयुष्यात चार-दोनदा.

नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. महाराजांच्या नंतर शंभूराजांच्या, शाहूंच्या नावाची तांब्याची नाणी निघाली, पण थोडी. तांब्यावर टिकलं ते ‘श्री राजा शिव’. पेशवाई आली, टांकसाळी मक्त्यानं दिल्या जाऊ लागल्या, पैशाचं वजन घसरलं, दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ शिवराई आली, तरी नाव तेच. माझ्या काट्यावर आजीची शिवराई सव्वाअकरा ग्रॅम भरते, दुदांडी साडेआठ. पेशवाई गेल्यावरही, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खेड्यापाड्यांत शिवराई चालत होती. राणीचं डोकं असलेला रुपया आणि श्री राजा शिव असलेला पैसा एकाच कनवटीला.

चांदीची गोष्ट वेगळी. हौसेनं एक अंकुशी रुपया घेतला, पुण्याच्या टांकसाळीचा, गणपतीच्या हातातल्या अंकुशाची खूण असलेला. मला त्यावरचं अक्षरही लागेना, म्हणून एका उर्दू शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे नेला. तिनं वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पेशव्यांच्या रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचं, आणि टांकसाळीचं गाव म्हणून ‘मुहियाबाद’. हे औरंगजेबानं पुण्याला दिलेलं नाव. औरंगजेब जाऊन कितीतरी वर्षं झालेली, शनिवारवाडा उभा राहिलेला, अटकेपर्यंत घोडी धावलेली, आणि पुण्यात पाडलेल्या रुपयावर पुण्याचं हे बादशाही नाव. याला बाजाराची रीत म्हणतात. लोकांना ओळखीच्या छापाचा रुपया हवा असतो, सराफ अनोळखी छापावर बट्टा कापतो. बट्टा म्हणजे झिजलेल्या किंवा परक्या नाण्यावर कापून घ्यायची रक्कम, तोच पुढे घराण्याच्या नावाला लागायला लागला. हे मला पटतं. पण डब्यात मी तो रुपया शिवरायांबरोबर ठेवत नाही. वेगळ्या कप्प्यात ठेवते. पक्षपात आहे, असू दे.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सायकलींचे सुटे भाग, बिनकाचेचे चष्मे, एकेकटे बूट, पितळी कुलपं आणि त्यांच्या न लागणाऱ्या किल्ल्या, या सगळ्यांत नाण्यांच्या पथाऱ्या. सुरुवातीला मी गेले की विक्रेते चांदी दाखवायचे, मला तांबं हवंय म्हटलं की हिरमुसायचे. एका पथारीवाल्याकडे मात्र ढिगानं शिवराया असायच्या. तो सांगायचा की त्याच्या वडिलांच्या वेळी त्या किलोवर यायच्या आणि भांडी ओतणारे घेऊन जायचे. असं कितीतरी राज्य मोडीत निघालं. मोडीत लिहिणारे लोक, मोडीतच गेली त्यांची नाणी. (हा श्लेष मी त्याला ऐकवला होता, त्याला काही कळला नाही. चांगला होता खरं तर.)

मी पथारीशेजारी बसकण मारून भिंगानं एकेक नाणं बघत बसायची. दोन-तीन रविवार त्यानं सोसलं, मग विचारलं, “ताई, सगळी सारखीच हायेत, काय हुडकताय?” मी त्याला दाखवलं. ही बघा भाऊ, ही पहिली वेलांटी, काना अक्षराच्या अलीकडे. ही दुसरी, पलीकडे. शाळा त्यानं तिसरीत सोडली होती. पण नाणं हाताळणाऱ्या माणसाचं बोट माझ्या भिंगापेक्षा शहाणं निघालं. पुढच्या बुधवारी छापखान्यातून परतताना गेले, तर त्यानं फडक्याखालून एक पुडी काढली. “दुसरी येलांटी हाय. तुमच्यासाठी बाजूला ठिवलीया.” पाहिलं तर खरंच ‘सीव’, आणि पहिल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त.

“जास्त का?”

“चुकीचं हाय न्हवं? चुकीचं तुमी घेता.”

माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मला चुकीमागे इतके पैसे कधी मिळाले नाहीत.

त्याच्याकडूनच मी खोटं ओळखायला शिकले. साच्यात ओतलेल्या नकली शिवराईच्या कडेला बारीक सांधा असतो, अंगावर टाचणीच्या टोकासारखी छिद्रं असतात. घणाखाली आलेलं तांबं तसं दिसत नाही. रामदरबार कोरलेलं, १८१८ साल आणि कंपनीचं नाव घातलेलं ‘दुर्मीळ’ नाणं तर निव्वळ थाप. तसलं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नव्हतं. माझा भाचा मला अधूनमधून व्हॉट्सअॅपवर पाठवतो, वैष्णोदेवीच्या पाच रुपयांचे दहा लाख मिळतात म्हणून. २०१२ सालचं ते नाणं आमच्या दूधवाल्याकडेही आहे. या असल्या आमिषांपासून सावध राहा म्हणून रिझर्व्ह बँकेला २०२१ साली जाहीर सांगावं लागलं. आणि ओली माती चिकटलेली नाणी पथारीवर दिसली की मी उठते. जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवायचा, हा कायदा १८७८ पासून आहे. पथारीवाला म्हणतो, ताई तुमी लई नियमाच्या. तो धंदाच होता बाबा माझा.

मूर्खपणाही केला. पहिल्याच वर्षी, दिवाळीला देवाची भांडी घासताना मला वाटलं, शिवराईही तांब्याचीच. चिंच लावली, रांगोळीनं चोळली, आणि नवीकोरी, गुलाबी, केविलवाणी अशी ती ताम्हणात पडली. दोन-अडीचशे वर्षांत चढलेला काळपट तकाकीचा थर पाच मिनिटांत गेला. त्याच्याबरोबर ‘त्र’चा पायही गेला. लेखक महाशयांना दाखवली तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “प्रूफ तपासताना मजकूरच खोडलात की हो.” ती शिवराई मी अजून ठेवली आहे. तिच्यावर आता पुन्हा थोडा काळा रंग चढतोय, पण तो बाईच्या केसांना लावलेल्या कलपासारखा वाटतो.

खोडण्यावरून आठवलं. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या संशोधनाची संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघायला गेले होते. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, १३,०००हून अधिक नाणी, सगळी शकांचा राजा क्षत्रप नहपान याची. त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा छाप पुन्हा मारलेला. नहपानाला हरवल्यावर त्याचं नाणं वितळवत बसला नाही, त्याच्या चेहऱ्यावरच आपली खूण ठोकली. आणि ठोका काही पुरता बसलेला नाही. नव्या छापाखालून नहपानाचं नाक डोकावतं, कडेला त्याची ग्रीक अक्षरं उरतात. मी त्या नाण्याच्या चित्रासमोर बराच वेळ उभी होते. आमच्या जुन्या प्रुफांवर असंच असायचं, लेखकाचं वाक्य, त्यावर संपादकाची काट, त्यावर पुन्हा लेखकाचं ‘होते तसेच ठेवा’. सातकर्णीला ‘होते तसेच ठेवा’ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, एवढाच फरक.

लेक परदेशात असते. मागच्या वेळी आली तेव्हा म्हणाली, आई, एक शिवराई दे ना, तिकडे देवघरात ठेवते, आजीच्या आईची आठवण. मन झालं. पण शंभर वर्षांपूर्वीचं नाणं पुरावस्तूंच्या १९७२च्या कायद्यानं देशाबाहेर नेता येत नाही. मग तिला १९५७चा एक नया पैसा दिला, ब्राँझचा, इवलासा, ‘रुपये का सौवाँ भाग’ अशी ओळख स्वतःच सांगणारा. माझे वडील त्या नव्या पैशावर फार चिडलेले असत. एक आणा दिला तर दुकानदार सहा नये पैसे धरायचा आणि चवली-पावलीच्या हिशेबात चार आण्यांचे मात्र पंचवीस. चार सक चोवीस, मग पंचविसावा आला कुठून, हा प्रश्न ते मरेपर्यंत विचारत होते. लेकीनं तो पैसा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “सौवाँवर चंद्रबिंदू आहे, बरोबर आहे ना गं?” रक्ताचा गुण.

माझी नोंदवही आहे. रकाने असे, वजन, व्यास, कुठून, किती रुपये, आणि शेवटचा ‘वेलांटी’. त्यात १ किंवा २ लिहायचं. गेल्या रविवारी पथारीवाल्यानं एक दाखवली. जाड, छान वजनाची, राज्याभिषेकाच्या जवळपासची वाटावी अशी. ‘श्री’ सुरेख, ‘राजा’ सुरेख. तिसऱ्या ओळीत ‘व’ आहे, त्याआधीच्या अक्षराची वरची कमानही दिसते, पण डावीकडे तांबं संपलंय आणि उजवीकडे नेमका ठोका बसून सगळं सपाट झालंय. कमान कुठून उठली नि कुठे उतरली, काही कळत नाही. मी उन्हाकडे धरली, सावलीत धरली, त्याचं बोट फिरवून पाहिलं.

“पहिली का दुसरी?” त्यानं विचारलं.

“नाही सांगता येत भाऊ. दोन्ही असू शकेल.”

“मग ताई,” तो म्हणाला, “दोन्हीचे पैशे द्या की.”